सोनेरी तुटला नाही

३ मार्च, मंगळवार

सगळ्यांच्या गाड्या झाल्या!

कामावरून आलो, खोलीचं दार उघडलं आणि वाटलं, मजला चुकलो. फळ्यांवर एकही रोबो उभा नाही. ट्रक, जीप, विमान, रणगाडा – सगळे ओळीने लावलेले, तोंडं भिंतीकडे, शाळेत शिक्षा केल्यासारखे. मी एक बूट काढलेला, एक पायात, तसाच उभा.

वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणून तिची आई राहायला आलीय. मी मावशी म्हणतो. त्या फडकं घेऊन मागे आल्या.

"मावशी, हे कोणी केलं?"

"मीच. उभेच्या उभे असायचे बिचारे. म्हटलं, बसू देत जरा. धूळ पुसायलाही बरं पडतं."

"पण जमलं कसं तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? सगळं दुमडलेलंच तर असतं. त्या विमानाने तेवढं डोकं खाल्लं."

त्या विमानाने माझी अख्खी सुट्टी खाल्ली होती, तीही माहितीपत्रक समोर उघडून. शेवटी एक पंख उरला होता हातात. असो.

इथपर्यंत मी हसत होतो. मग सोनेरी आठवला.

सोनेरी बाबांनी आणलेला. मला आणि दादाला मिळून एकच, त्यामुळे आमची लहानपणची निम्मी मारामारी त्याच्यावरून. बाबा गेले, घर बदललं, मी फोटो स्टुडिओ, मग पाळीव प्राण्यांचं दुकान (तिथला पोपट मला माझ्याच आवाजात शिव्या द्यायचा), मग डोंगरावरचं हॉटेल असं करत पुन्हा दादाच्या दारात आलो. सोनेरी जिथल्या तिथे. बाकीचे रोबो मी मोठेपणी जमवले, ते त्याला सोबत म्हणून. निदान लोकांना मी तसं सांगतो.

आणि त्याला वळवायचं नाही. रोबोची गाडी करायची याला आम्ही जमवणारे लोक 'वळवणं' म्हणतो. त्या काळच्या सोनेरी प्लास्टिकला रोग आहे. बाहेरून झकास, आतून बिस्किट. वय झालं की सांधा जरा फिरवला तरी भुगा. त्यामुळे ज्याच्याकडे असा सोनेरी आहे तो त्याला आहे त्या रूपात कायमचा ठेवतो. कोणी उभा, कोणी गाडी. माझा उभा होता.

मावशींनी त्याची मोटार केली होती. चारी चाकं टेकलेली. कुठे चीर नाही, टवका नाही.

पलंगावर बसून दुसरा बूट काढला. वाचला. कसा वाचला देव जाणे, पण वाचला.

४ मार्च, बुधवार

आज गोदामात पट्ट्यावरून एक खोकं पडलं. वर मोठ्या अक्षरात 'नाजूक, काच'. उंचावरून पडलं, दोन उड्या मारल्या, आणि आतून आवाजच नाही. मी म्हटलं, नशीब, फुटली नाही.

सुपरवायझर म्हणाला, "फुटली नाही म्हणजे आत काच नाही. परत पाठव, पाठवणारा चोर आहे."

मी हातातलं पार्सल धरून उभाच राहिलो. मागे पार्सलांचा ढीग लागला, लोक ओरडायला लागले.

सोनेरी तुटला का नाही?

५ मार्च, गुरुवार

बॅटरीच्या उजेडात नीट पाहिला. वळवताना त्याचा खांदा मोटारीच्या दाराला आतून घासतो. तिथे नखाएवढा ओरखडा आलाय. ओरखड्यात करडं प्लास्टिक.

खरा सोनेरी आरपार सोनेरी असतो. कापला तरी आत सोनेरीच, लाटा-लाटांचा. हा करड्यावर रंग मारलेला आहे. नवीन नक्कल. चांगली नक्कल, हे मान्य करायला पाहिजे. छातीवरच्या लाटासुद्धा कोणीतरी बारीक ब्रशने काढल्यात. मीही एकदा दुकानांच्या पाट्या रंगवायच्या कामाला होतो, मला त्यातली मेहनत कळते. पण हे मी काय लिहीत बसलोय.

हा बाबांचा नाही.

मग बाबांचा कुठे आहे?

६ मार्च, शुक्रवार

डोकं कामातून गेलंय. कितीही फिरवलं तरी एकाच माणसावर येऊन थांबतं. कप्तान.

मागच्या वर्षी सोनेरीचे गुडघे ढिले झाले, सारखा तोंडावर पडायचा. म्हणून कापसात गुंडाळून कप्तानकडे पाठवला. कप्तानचं खेळणी दुरुस्तीचं दुकान आहे, इथून बसने अर्धा दिवस. आमच्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. सांध्याच्या पिनेवर पारदर्शक नेलपॉलिशचा थर देऊन गुडघा घट्ट करतो, आणि सांधा मोडत नाही. हे सगळ्यांना सांगितलं तरी सगळ्यांना जमत नाही. सोनेरी परत आला तेव्हा फोनवर म्हणाला होता, "बारक्या, याला वळवू नकोस हं कधी. जपून ठेव."

मला वाटलं, काय काळजी!

आणि एक तारखेपासून मी त्याच्याच दुकानात जाणार आहे. शिकायला, राहायलाही तिथेच, वरच्या खोलीत. पहिल्यांदाच असं झालं होतं की मी कुठूनतरी पळून जात नव्हतो, कुठेतरी जात होतो. गोदामात सांगून टाकलंय. दादाने तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केलाय. आता?

७ मार्च, शनिवार

टाकलं ग्रुपवर. फोटोसकट. ओरखडा, आतलं करडं, सगळं. लिहिलं – हा माझ्या हातून फक्त एकाच माणसाच्या हातात गेला होता. नाव लिहायची गरजच नव्हती, पण लिहिलं.

आमच्यातला वकील (खराच वकील आहे, पण ग्रुपवर जास्त वकिली करतो) लगेच उठला. "जरा दमाने घे, मित्रा. सोनेरीचे गुडघे म्हटले की आम्ही सगळे कप्तानकडेच पाठवतो. माझा गेलाय, आणखी तिघांचे गेलेत. आजवर एक तक्रार नाही."

मी लिहिलं, "वळवून पाहिलाय का कोणी?"

"वळवायला मला वेड लागलंय काय?"

कप्तानने दुपारी एकच शब्द टाकला. "वाचलं."

बस. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. चोर असाच गप्प बसतो, हे दोघा-तिघांनी लिहिलं. मीही त्या मेसेजना अंगठा दिला.

८ मार्च, रविवार

 लिहितोय कारण दुसरं काय करू कळत नाही.

जेवताना मी मोठ्या तोंडाने सांगत होतो. कसा उघडा पाडला, कसं कालच त्याला ग्रुपमधून काढलं, कसा एक शब्द फुटला नाही त्याच्या तोंडून. मावशी म्हणत होत्या, "माझ्यामुळे सापडला म्हणजे चोर." त्यांना भलताच आनंद. वहिनी ताटात बघत होती. दादाने घास खाली ठेवला आणि उठून गॅलरीत गेला.

मी मागून गेलो. तो वाळलेले कपडे काढत होता. एकच शर्ट दोनदा घडी केला.

"त्या माणसाची माफी माग," म्हणाला.

"मी? का?"

"कारण तो मी मोडला."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कोण? काय?

"सोनेरी. तू डोंगरावर होतास तेव्हा. महिनोन्‌महिने फोन उचलत नव्हतास, आहेस की नाहीस तेसुद्धा माहीत नाही. एक दिवस सहज खाली काढला. आपण लहानपणी शर्यत लावायचो ना, कोण लवकर गाडी करतो. म्हटलं, बघू येतंय का अजून. पहिलाच खांदा फिरवला आणि हातात पीठ आलं रे. सोनेरी पीठ. नुसता बघत बसलो."

"मग हा?"

"शोधून आणला. तुझ्या वहिनीला माहितीय. तू आल्या आल्या आधी फळीकडे गेलास, म्हणालास, 'आहे ना हा जागेवर, मग झालं.' मग कसं सांगणार होतो? ज्याने त्याने आपापल्या वेळेला सांगायचं असतं, माझी वेळ गेली ती गेलीच."

मी त्याच्यावर ओरडणार होतो. तोंड उघडलं आणि त्याच्या खांद्यावर माझाच टॉवेल दिसला. बंद केलं.

रोबोची गाडी व्हायला पाच-सात घड्या लागतात. आमच्या दादाचं काय व्हायला किती लागल्या, मला पत्ताच नाही. मला वाटायचं हा माणूस एकाच रूपात जन्मलाय – उभा.

९ मार्च, सोमवार

कप्तानने चोरला नव्हता. मी अख्ख्या ग्रुपसमोर त्याला चोर केला.

१४ मार्च, शनिवार

गेलो. बसमध्ये माफीची चार वाक्यं पाठ केली होती, दुकानाच्या पायरीवर चारी गायब.

दुकान म्हणजे बोळच आहे. एका बाजूला काउंटर, दुसऱ्या बाजूला डबे. एक डबा नुसत्या हातांचा. एक डोक्यांचा. एका डब्यावर लिहिलंय 'कोणाचे माहीत नाही'. तो मी बराच वेळ वाचत राहिलो, कारण वर बघायची हिंमत नव्हती. कप्तान चांगला साठीचा आहे, भिंग कपाळावर चढवलेलं, त्यामुळे तीन डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटतं.

"ये बारक्या. पोलिस बाहेर उभे केलेस की एकटाच आलास?"

मी सगळं सांगितलं. दादा, पीठ, नक्कल. तो ऐकत एका ट्रकचं चाक बसवत होता.

"माहीत होतं," म्हणाला.

"काय?"

"तुझा नकली आहे ते. खोकं उघडल्या उघडल्या ओळखला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू फोनवर अर्धा तास बाबांनी आणला, बाबांनी आणला करत होतास. मी काय बोलणार? म्हटलं, घरातलं काहीतरी असणार. लोकांच्या घरात आपण स्क्रूड्रायव्हर घालू नये."

"आणि ग्रुपवर मी एवढं लिहिलं तेव्हा?"

"तेव्हा बोललो असतो तर तू घरी जाऊन कोणाची तरी मान धरली असतीस. माझी धरलीस, ठीक आहे. माझी जाड आहे."

मी तिथेच काउंटरवर डोकं टेकवलं. त्याने माझ्या डोक्याखालून एक पाय काढून घेतला – रोबोचा – आणि म्हणाला, "एक तारखेला यायचं ठरलंय ना? येताना जाड चादर आण. वरच्या खोलीत वारा लागतो."

इतका मोठा माणूस मी पाहिला नव्हता. एका माणसाने स्वतःवर चोरीचा आळ घेतला, कशासाठी, तर मी माझ्या भावाशी भांडू नये म्हणून. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का वाटत?

१५ मार्च, रविवार

माफी लिहिली. पूर्ण. दादाला आधी वाचून दाखवली. त्याने एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि म्हणाला, "टाक." नक्कल कशी ओळखायची तेही लिहिलं, खांद्याच्या आत कुठे बघायचं ते, वळवायची गरज नाही, नुसतं टाचणीने टोकरलं तरी कळतं. निदान माझ्या मूर्खपणाचा कोणाला तरी उपयोग.

कप्तानला परत ग्रुपमध्ये घेतलं. वकिलाने लिहिलं, "मी सांगितलं होतं." ते त्याने आयुष्यात कितव्यांदा लिहिलं असेल.

३१ मार्च, मंगळवार

सामान बांधलं. रोबो गाड्या करूनच बांधले, मावशी म्हणाल्या तसं जागा खरंच कमी लागते. सोनेरी इथेच ठेवला, दादाच्या टेबलावर. दादा म्हणाला, "खरा नाही तो." मी म्हटलं, "तू आणलास ना?"

वहिनी म्हणाली, "या वेळी फोन उचल."

७ एप्रिल, मंगळवार

पहिला गुडघा घट्ट केला! कप्तानने तीनदा वाकवून पाहिला आणि पुढचा माझ्याकडे सरकवला. चादर खरंच लागते. समोरच्या इमारतीत कोणीतरी रोज तेच तेच वाजवायला शिकतंय, चुकतं त्या जागी मीही आता चुकतो. फोन दादाचा आला, मी उचलला.

१२ एप्रिल, रविवार

वकिलाचा निरोप, ग्रुपवर नाही, फक्त मला. माझी माफी वाचून त्याने गंमत म्हणून स्वतःच्या सोनेरीचा खांदा आतून टाचणीने टोकरला. करडा. मग बाकीच्या तिघांना पाहायला सांगितलं. तिघांचेही करडे. चौघांनी लहानपणापासून सांभाळलेले, चौघांच्या घरी कोणी हात लावलेला नाही. गुडघ्यांसाठी इथे पाठवले होते तेवढेच.

कप्तान समोर बसून स्क्रू निवडतोय. विचारतोय, "काय रे, कोणाचं आलंय?"

माझा त्याने खोकं उघडल्या उघडल्या ओळखला होता. ओळखणारच. तसे चार त्यानेच परत पाठवले होते.