परमुलखातला स्वेटर

आई, तू विणलेला स्वेटर आज बॅगेतून काढला. मी बहरीनला निघालो तेव्हा घाईघाईने पुरा केला होतास. "परमुलखात थंडी लई असती, अंगावर असू दे," म्हणालीस. तुझ्या लेखी परदेश म्हणजे बर्फ. मी उतरलो ऐन ऑगस्टात, विमानतळाबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. फोनवर तू विचारायचीस, "स्वेटर घालतोस न्हवं?" मी हो म्हणायचो आणि शर्ट पाठीला चिकटलेला असायचा.

आता आम्हाला कॅनडाचं पीआर, म्हणजे तिकडे कायमचं राहायची परवानगी, मिळालीय. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, म्हणून तुझ्या सुनेनेच ते मनावर घेतलं. जायचं की नाही ते मला शुक्रवारी दोघींना सांगायचंय. मायलेकींनी घरात आधीच कॅनडा सुरू केलाय. मुलगी दार उघडून धरते. माझा धक्का तिला लागला तरी सॉरी तीच म्हणते. बायको म्हणते, "तिकडची माणसं आवाज चढवत नाहीत. तुम्ही आत्तापासून सवय करा." जन्मभर साइटवर कंत्राटदारांवर ओरडून पोट भरलं, आता या वयात नम्रपणा कुठून आणू?

इथे हिद्द गावातल्या आमच्या ऑफिसात एक कॅनडाचा साहेब आहे. मला वाटायचं, हा बर्फात उघडा फिरणारा गडी असणार. पण एसीखाली पहिला कुडकुडतो तो हाच. एसी कमी करतो आणि सगळ्यांची माफी मागतो. जुफैरला अमेरिकन नौदलाचा तळ आहे, तिथले टॅक्सीवाले त्याला अमेरिकन समजतात, म्हणून बॅगेला कॅनडाच्या झेंड्यावरच्या लाल पानाचा बिल्ला लावून हिंडतो. परवा चहा घेताना मी विचारलं, "कॅनेडियन म्हणजे नक्की काय हो?" बिचाऱ्याने चहा दोनदा ढवळला. मग म्हणाला, "सॉरी, पण मुख्य म्हणजे आम्ही अमेरिकन नाही." आणि थंडीचं विचारलं तर म्हणे, "तिला कंटाळूनच तर इथे आलो." मला तू आठवलीस. कुणी "पुण्याचे का?" म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी. "न्हाई, आमी कराडचं." कराडचं म्हणजे काय, हे तुलाही सांगता आलं नसतं. मीही इथे इतकी वर्षं "केरळचा का?" याला नाही म्हणत आलो. थकलो गं. तिकडे जाऊन आपण कोण नाही, ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

एसी वाढवून स्वेटर घालून बघितला. पोटावरून खाली येत नाही. मुलगी हसली, "बाबा, सो क्यूट. बट यू नीड अ रिअल जॅकेट." तुझं म्हणणं आता कुठे खरं व्हायची वेळ आली, आणि स्वेटर घालतोस का म्हणून विचारायला तू नाहीस.

शुक्रवारी मी हो म्हणेन. दोघींचे चेहरे बघून दुसरं काही तोंडातून निघणार नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगतो. मला जायचं नाही, आई.