फक्त जिवंत आहे का, एवढंच

१४ जानेवारी, सोमवार

पुन्हा त्याच बाईंचा फोन. नाताळची सुट्टी संपल्यापासून तिसरा. केंटकीहून बोलतात – मिसेस प्रूइट. मुलगी डेलानी चार वर्षांपूर्वी घर सोडून गेली. उत्तरेकडच्या एकेका कॉलेजला फोन लावून विचारताहेत, आमची मुलगी तुमच्याकडे आहे का.

मी ठरलेलं वाक्य म्हटलं. "या नावाबद्दल आम्हाला काहीही सांगता येत नाही." एकवीस वर्षं कॉलेजच्या नोंदणी कार्यालयातल्या या काउंटरवर हेच म्हणतेय. मूल कॉलेजात आलं की त्याची नोंद त्याची. आईबापांना हवी असेल तर आधी मुलाची लेखी परवानगी. डेलानीनं तर त्याच्याही पुढचा कागद भरलाय – मी इथे शिकते हेसुद्धा कुणाला कळू देऊ नका. तिचं नाव टाकलं की पडद्यावर लाल पट्टी येते.

"ताई, मला मार्क नकोत," बाई म्हणाल्या. आवाज बसलेला, दबका. "पत्ताही नको. फक्त जिवंत आहे का, एवढं सांगा."

फोन ठेवला. डब्यातली पेस्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, न खाताच घरी परत आणली.

१६ जानेवारी

दीड फूट बर्फ. एका विद्यार्थ्याचे वडील काउंटरवर हात आपटून गेले. "पोरगा माझा, आणि त्याची हजेरी विचारायला मी त्याचीच सही आणू?" हो, आणा म्हटलं. अशांचं मला काही वाटत नाही.

२२ जानेवारी, मंगळवार

आज बाई हळूहळू बोलत होत्या. पोटात गाठ निघाली आहे. शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर स्पष्ट काही सांगत नाहीत.

"तुम्हाला मुलं आहेत का, ताई?"

एक मुलगा आहे म्हटलं. एइरो. अलास्कात मासेमारीच्या बोटीवर असतो. नोव्हेंबरपासून फोन नाही.

हे मी का सांगितलं? एकवीस वर्षांत कुणाला घरचं सांगितलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला कळतंय."

फोन ठेवल्यावर मी डेलानीची नोंद उघडली. लाल पट्टीवर 'पुढे' दाबलं की उघडते, आम्हाला तेवढा अधिकार असतो. नर्सिंगचं शेवटचं सत्र. मार्क उत्तम. ओळखपत्रावरच्या फोटोत न हसणारी मुलगी, केस कानामागे घट्ट. अडीअडचणीला कुणाला कळवावं, ती जागा कोरी. नाव लपवण्याचा तिचा कागदही पाहिला. कारण कुठे लिहिलेलं नाही. त्या कागदावर कारणाला जागाच नसते.

मी स्वतःला म्हटलं, भांडण झालं असेल. तरुण पोरं रुसतात. माझाही रुसलाच आहे.

२४ जानेवारी, गुरुवार

सांगितलं.

ग्लेन – आमचे रजिस्ट्रार – मीटिंगला गेले होते. ऑफिसात मी एकटी. बाईंचा फोन आला. उद्या सकाळी सातला आत नेणार म्हणाल्या, आणि पुढे बोलवेना त्यांना. मी म्हटलं, "निश्चिंत जा. पोरगी छान आहे. मे महिन्यात नर्स होईल."

त्या रडल्या. बराच वेळ. मग फोन बंद झाला.

मला हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी नीट जेवले.

३१ जानेवारी

बाईंचा फोन नाही. ऑपरेशन कसं झालं कुणास ठाऊक. कार्ड पाठवावं म्हटलं, तर इस्पितळाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

६ फेब्रुवारी, बुधवार

कॅन्टीनमध्ये पहारेकरी रेइनो सांगत होता – नर्सिंगच्या इमारतीसमोर दोन दिवस एक ट्रक उभा आहे. आत पन्नाशीचा माणूस. इंजिन चालू ठेवून बसतो. मुलींना एका मुलीचा फोटो दाखवतो आणि फार नम्रपणे विचारतो, हिला ओळखता का. रेइनोनं हटकलं तर म्हणाला, "मुलीला भेटायला आलोय, साहेब. वाट बघतोय."

"कुठल्या राज्याची नंबरपाटी आहे ट्रकला?" मी विचारलं.

"केंटकी. का गं?"

काही नाही म्हटलं. हातातला चमचा खाली ठेवला. नर्स हा शब्द मी उच्चारला होता. त्या बाईंनी नव्हे.

७ फेब्रुवारी

डेलानी स्वतः आली. ऑफिसचं दार उघडताच, मी डेस्कशी बसायच्या आधी. फोटोपेक्षा बारीक. कॉलेज सोडण्याचा अर्ज मागितला.

"तीनच महिने राहिलेत तुझे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

तिनं उभ्या उभ्याच अर्ज भरला. अक्षर सुरेख. मधेच मान वर करून विचारलं, "माझ्याबद्दल कुणी विचारलं तर तुम्ही लिहून ठेवता ना? बघता येईल मला?"

तो तिचा हक्क आहे. मी चौकशांची वही उघडून दाखवली. तिच्या नावापुढे काही नव्हतं, कारण मी काही लिहिलंच नव्हतं.

"म्हणजे इथून नाही गेलं," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "मीच कुठेतरी चुकले असेन."

मी वही मिटली. ती मागच्या दारानं बाहेर पडली. ते दार कुठे आहे, ते तिला आधीपासून माहीत होतं.

९ फेब्रुवारी

शनिवार. घरची सौना, वाफेच्या स्नानाची खोली, तापवली नाही. आज्जी म्हणायची, खोटं बोलून सौनात बसू नये. तसं कारण नव्हतं, उठवलंच नाही. एइरोला निरोप ठेवला, पण त्यात यातलं काही बोलले नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

ग्लेनना सांगितलं. सगळं. ते खुर्चीत मागे रेलून ऐकत होते, मग पुढे वाकले.

"किती बोललीस?"

"दोन वाक्यं."

"पुरतात तेवढी." मग म्हणाले, "व्हर्ना, मी तुला ओरडणार नाही. ओरडून काय होणार? लिहून दे. नोकरीचं काय ते वरचे ठरवतील. पण आधी त्या मुलीला सांगायचं. तू सांगायचं, मी नाही."

पोलिसांना त्यांनीच फोन केला. ट्रक कालपासून दिसलेला नाही. डेलानी एका शिक्षिकेच्या घरी आहे.

मी लिहून दिलं. पानभर झालं. कारण लिहायला मात्र मला जागा होती, आणि मी लिहिलं – मला तिच्या आईची दया आली.

१२ फेब्रुवारी

डेलानी आली. ग्लेनसमोर तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "माझी आई जाऊन सहा वर्षं झाली."

फोनच्या यंत्रात एक निरोप ऐकायचाच राहून गेला होता, पंचवीस जानेवारीचा. ग्लेननी लावला. तोच बसलेला आवाज – थँक्यू ताई, ऑपरेशन चांगलं झालं. त्याच्याही आधी, लांबून, एक पुरुष शांतपणे म्हणतो, "हं, बोल आता."

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "ही जोली. माझी धाकटी बहीण. ती अजून बापाजवळच राहते. पुढच्या महिन्यात अठराची होईल."