पेडण्याच्या बाजारातला पूजेचा मान

१३ ऑगस्ट १९९४, शनिवार
पक्की बातमी: बाजाराच्या सत्यनारायणाचा यंदाचा मान जयराम-सगुण टेलरांचा, आणि यंदा ते पळणार नाहीत! दुजोरा खुद्द सगुणचा. मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "आमी हांगाच आसां, बाय."

मान दुकानांच्या ओळीने फिरतो. एकदा गेला की दहा-बारा वर्षांनी परत दारात. यजमानाने जोडीने बसायचं. या दोघांकडे आजवर दोनदा आला आणि दोन्ही वेळा जयराम नेमका कापड आणायला बेळगावात! बाजाराने कधी विचारलं नाही. एकोणतीस वर्षं दोघे दुकानाच्या माडीवर राहतात — विचारायचं काय?

१४ ऑगस्ट
जुन्या दुकानांवरच्या माझ्या सदरात या आठवड्यात टेलर. मजकूर संध्याकाळच्या बसने पणजीला जायचा होता. तेवढ्यात देवकी दुकान बंद करून आमच्या दोघींच्या घरी आली — कॉलेज निघाल्यापासून तिच्या झेरॉक्सवर पोरांची रांग हटत नाही — आणि कागद ओढून वाचलाच.
"'जिवलग मित्र'! कमलाक्षी, वीस वर्षं पेपरात काढलीस ती हे लिहायला?"
म्हटलं, पेपरात जागा कमी असते.
"धीर कमी म्हण गो."
हसत होती. मजकूर तसाच पाठवला.

१६ ऑगस्ट
सगुणला विचारलं, यंदाच का?
जूनमध्ये जयरामाच्या छातीत दुखलं. इस्पितळाच्या दारावर विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? सगुण म्हणाला, "दुकानातलो." आत सोडलं नाही. तीन दिवस बाहेरच्या बाकावर.
"परत कोणी 'तुम्ही कोण' विचारलं तर जाप देता यायला हवी," एवढंच बोलला आणि माझ्या ब्लाउजचं माप चुकलंय म्हणून मलाच झापलं.

१८ ऑगस्ट
समितीची बैठक, गुरुदासांच्या किराणा दुकानात. भटजींनी तोडगा आणला: बायको नसेल तर तिच्या जागी यजमानाने कमरेला सुपारी खोवावी.
गुरुदास खूश. "मग दोघांच्याय कमरेक एकेक सुपारी! मिटलं!"
सगुण म्हणाला, "एकोणतीस वर्षां ह्याच्या शर्टाची बटणां मी लावतंय. आता सुपारी लावू?"
जयराम हसता हसता खोकला. शेवटी भटजी नमले — दुकानाचे दोन मालक, दोन यजमान म्हणून बसा. जोडीबिडीचं नाव काढू नका.
आतून गुरुदासांच्या बायकोचा, सुमंगलेचा आवाज: "दोन पुरुष पाटार बसतले? तर मग प्रसाद आमी बायका करणार नाय." तिने नाही म्हटलं की बाजारातली एक बाई चूल पेटवणार नाही. यावर कोणी हसलं नाही.

२० ऑगस्ट
सुमंगला हटत नाही. प्रसादाशिवाय सत्यनारायण!

२१ ऑगस्ट, पौर्णिमा
पाट दोन. दोघांचे शर्ट एकाच ताग्यातले. "उरलेल्या कापडाचा शिवला," सगुण. उरलेल्या म्हणे!
भटजी सुरू करणार तर सुमंगला प्रसादाचा टोप घेऊन मांडवाच्या दारात. "रवो भाजून झालो. आता काय कोंबड्यांक घालू?"

अर्ध्या पूजेत भटजींनी चाळीस वर्षांच्या सवयीने सांगितलं, "यजमान, पाणी सोडा. तुम्ही त्यांच्या हाताला हात लावा." बायकोला सांगायचं ते! तोंडातून गेलं आणि भटजी जागच्या जागी थिजले. जयरामाचा उजवा हात ताम्हणावर तसाच, तळव्यात पाणी. सगुणने दोन बोटं त्याच्या मनगटाला टेकवली. बोटं तिथेच राहिली.
"सोडा पाणी," मागून सुमंगला. "हात दुखतलो त्याचो."
पाणी सुटलं. भटजींनी घाईघाईने पुढचा मंत्र धरला.

२२ ऑगस्ट
समितीचा नारळ आज देवकीच्या दुकानात आला. पुढच्या वर्षीचा मान तिचा. गुरुदासांनी वही उघडली. "सोबत पाटावर कोण बसतलो?" भाऊ, भाचा, कोणीही चाललं असतं. देवकीने झेरॉक्सच्या मशीनवरून डोळे न काढता माझं नाव सांगितलं.
गुरुदास माझ्याकडे बघून हसले. लिहिलं!
पुढच्या श्रावणात भटजी सांगतील तेव्हा मला हात लावायचा आहे.