रघुनाथरावांची खुर्ची आणि इतर मालमत्ता

मी, श्रीकांत नारायण देवपुजारी, वय सत्तावन्न, संस्कृतचा प्राध्यापक, राहणार सौंसर, जिल्हा पांढुर्णा, सर्वप्रथम गंभीर तक्रार नोंदवतो की ‘मोकळ्या बैठकी’ची चहाची गाळणी तिसऱ्यांदा नाहीशी झाली आहे. परद्रव्य मातीसमान मानावं, यावर गेल्याच महिन्यात आम्ही दोन तास बोललो होतो. एवढं आठवतं, म्हणजे माझी बुद्धी शाबूत आहे. सोमवारी नागपुरात हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून हे राजीखुशीने लिहून ठेवतो. उर्मिला मागे उभी राहून ‘अक्षर नीट काढा’ म्हणते आहे. तो दबाव कायद्यात बसत नसावा.

१. घर आणि बँकेतली ठेव पत्नी उर्मिलेची.

२. कोश आणि पोथ्या कन्या श्रुतीच्या. तिने संस्कृत सोडून संगणक धरला, याचा राग मी बारा वर्षं सांभाळला. तो या कलमाने रद्द.

३. विद्यापीठाच्या मानव्यविद्या विभागाची ही बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयात भरते. पदवी लागत नाही. सतरंजीवर कोणीही बसावं, वाटेल ते विचारावं. माझ्यामागे ती माझा सहकारी अभिजीत याने चालवावी. वक्त्याला थांबवायची घंटाही त्यालाच. प्रफुल्लरावांपुढे ती मला एकदाही वाजवता आली नाही. ते खाली साक्षीदार आहेत, वाचतीलच.

४. दाराजवळची लोखंडी खुर्ची. तिच्यावर रामाकोन्याचे रघुनाथराव बसत. गुडघ्यांमुळे सतरंजी जमत नसे. संत्र्याचा बगीचा, शिक्षण चौथी, पण एकही बैठक चुकवली नाही. दोन वर्षांपूर्वी ‘स्मृती’ या विषयावर मी बोललो. शेवटी ते उभे राहिले.

“गुरुजी, घरची जाऊन वरीस झालं. पण दिवेलागणीले बगिच्यातून आवाज देऊन राह्यली. मी ओ देऊ का नाही?”

मी म्हणालो, “आधी चहा झाला का, ते विचारा.”

सगळे हसले. रघुनाथरावांनी टोपी घातली आणि गेले.

बैठकीचा नियम मीच केलेला: कोणी रुसून गेलं तर पुढच्या बैठकीआधी यजमानाने स्वतः त्याच्या घरी जावं. रामाकोना काही लांब नाही. मी व्हॉट्सॲपवर निमंत्रण पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. तेराव्याचं बोलावणं मात्र त्यांच्या मुलाने, तुषारने, घरी येऊन दिलं. संध्याकाळी बगिच्यात गेले ते परतले नाहीत, एवढंच तो बोलला.

तेव्हापासून बैठक उठली, चपला घालायला वाकलो, की दाराजवळून ‘गुरुजी’ अशी हाक येते. अभिजीतला ऐकू येत नाही. मी खुर्ची पांढुर्ण्याच्या एका शाळेला देऊन टाकली. पुढच्या बैठकीला रिकाम्या फरशीवरून हाक आली. बिचाऱ्यांचे गुडघे आठवले; खुर्ची परत आणली. ती कोणालाही देत नाही. जिथे आहे तिथेच राहावी.

५. शस्त्रक्रियेची भीती आहेच, पण काळजी दुसरी आहे. रघुनाथरावांनी विचारलं तेव्हा मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी लोकांना हसवलं. आज दुपारची हाक बैठकीत नव्हे, घरात आली, याच टेबलाशी. ओ द्यावी की नाही, मला अजूनही ठाऊक नाही.

सौंसर, शनिवार, १० जानेवारी २०२६

श्रीकांत नारायण देवपुजारी (सही)

आमच्यादेखत सही केली:
प्रफुल्ल डिगरसे, लोधीखेडा
अमिता घागरे, सौंसर