तीन पंख्यांचं कार्ड नको

बाबा,

मी शाळेत चाललेय, दुकानात जाण्याआधी हे वाचा. काल तुम्ही पसंत केलेलं तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आपल्या कॉम्प्युटरमध्ये मावणारच नाही. मी त्याचा डबा उघडून पट्टीने मोजलंय. एका पंख्याचं छोटं आणा, नाव मागे लिहिलंय. सोबत आणणार आहात तो नवा मोठा स्क्रीन त्यावर आरामात चालेल. दुकानदार काहीही म्हणो, माझंच ऐका.

आई हल्ली घरांचे नकाशे काढताना नाक स्क्रीनला टेकवते. परवा नकाशात तिचा जिना चुकला, तेव्हापासून डोळ्यांचा विषय काढला की चिडते. हे सगळं तिच्या डोळ्यांसाठी आहे, असं चुकूनही बोलू नका. माझ्या गेमसाठी आणलंय म्हणा. ओरडली तर ओरडू दे, मी खाली मान घालून ऐकेन.

तुमची इंजिनिअर