आठव्या मजल्यावरचं ठिबक

मस्कत,
शुक्रवार, सुट्टीचा दिवस

तीर्थरूप मोतीलालमामांच्या पायांशी भाचा हिलाल वाकून आहे. (खरोखर वाकलेलाच आहे. चौदा महिने खांद्यावर पाइप वाहिल्यावर पाठ सरळ व्हायचं विसरते.) तुमचा गुडघा कसा आहे? उभ्यानं तिकिटं फाडून तो सुजतो, असं आईनं कळवलं होतं. रावेर-यावल रस्ता अजून तसाच असेल तर गुडघ्याचा दोष नाही. कमलमामींनी दिलेलं लोणचं दिवाळीतच संपलं, पण बरणी खोलीतलं कोणी धुऊ देत नाही. रात्रीच्या भाताआधी सगळे तिचा वास घेतात. हे पत्र इथल्या पोस्टात न टाकता खोलीतला एक ओळखीचा माणूस देशी निघाला आहे, त्याच्या हाती देत आहे. तो मुंबईला उतरून पेटीत टाकेल. इथली रीतच तशी आहे, निघणाऱ्याच्या बॅगेत कपडे कमी आणि दुसऱ्यांची पत्रं जास्त. तेव्हा पाकिटावर देशी तिकीट पाहून तुम्ही शंका घेऊ नये. (घ्यालच. वीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला पास दाखवला तरी तो उलटा करून बघतो.)

मी इथे काय करतो, ते गावात सगळ्यांना वेगवेगळं सांगितलं गेलं आहे, म्हणून एकदा खरं लिहितो. मी प्लंबरचा हेल्पर आहे. प्लंबर भिंतीवर खडूनं रेघ ओढतो आणि मी त्या रेघेवर छिन्नी-हातोड्यानं दिवसभर चर फोडतो. मग प्लंबर येतो आणि म्हणतो, रेघ चुकली. पाइपाला आटे पाडायचे, आट्यांवर ताग गुंडाळायचा, त्यावर सफेदा फासायचा (चुन्यासारखा चिकट लेप असतो, जोडातून पाणी गळू नये म्हणून. अंगाला लागला तर कातडी निघते, सफेदा निघत नाही), आणि पाना घेऊन उभं राहायचं. लिफ्ट अजून बसलेली नाही, म्हणून आठव्या मजल्यावर पाइपाच्या आधी मी पोचतो आणि माझ्या आधी माझा जीव. ऊन म्हणाल तर भुसावळचं ऊन इथे सावली म्हणून चालेल.

हे काम मला मिळालं कसं, तर जळगावला एजंटनं विचारलं, पाइपाचं काम येतं का? मी म्हटलं, चार हजार केळीच्या खोडांना ठिबक अंथरलंय. तो खूश झाला. त्याला ठिबक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि मला इमारत म्हणजे काय ते. त्या अज्ञानाची परतफेड गेल्या महिन्यात झाली.

झालं असं की आठव्या मजल्याची पाण्याची लाइन पुरी झाली. इथे रीत अशी, की सगळी तोंडं बंद करून लाइनीत दाबानं पाणी भरायचं आणि एका हेल्परनं दाब दाखवणाऱ्या काट्याच्या घड्याळासमोर बसायचं. काटा खाली आला की कुठेतरी गळतंय. आमचा फोरमन कुरियन (केरळचा, सज्जन, कमी बोलणारा) मला काट्यासमोर बसवून खाली गेला. आता मामा, तुम्हीच सांगा, केळीच्या बागेत नव्या लाइनीत पाणी सोडताना पहिलं काम कोणतं? शेवटच्या टोप्या काढायच्या. आतला गाळ, कचरा वाहून जाऊ द्यायचा, पाणी नितळ आलं की टोप्या लावायच्या. न धुता लाइन चालू करणाऱ्याला आपल्याकडे शेतकरी कोण म्हणेल? मला वाटलं, ही शहरी माणसं, विसरली असतील. मी अकराच्या अकरा टोप्या काढल्या आणि कॉक सोडला.

बागेत ते पाणी खोडाच्या बुडाशी मुरतं. इथे बुडाशी सातवा मजला होता. तिथे मालकाला दाखवायला नमुन्याचा फ्लॅट सजवला होता, नवं छत, नवा गालिचा. अर्ध्या तासात छत गालिच्यावर आलं. तिथे केळी लावली असती तर आतापर्यंत निसवून घडांवर आली असती. खाली टाइल बसवणारा आमच्या खोलीतला पुना (शिंदखेड्याचा आहे, त्याच्यावर पुढे लिहितो) घोट्याएवढ्या पाण्यातून ओरडत वर आला, "आरे हिलाल, बठ्ठं पानी पानी शे! काय करी ऱ्हायना तू?" मी म्हटलं, लाइन धुतोय. कुरियन आला, त्यानं पाणी पाहिलं, मला पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "पुसून घे." बस्स. इतका थंड माणूस मी सावद्यापासून मस्कतपर्यंत पाहिला नाही.

सांगायचा मुद्दा, इतकं होऊनही मी टिकून आहे. तुम्हाला आठवत असेल, कॉलेजात त्या पोरानं प्रमिलाच्या वहीत चिठ्ठी सरकवली, मी त्याला बाकासकट उलटा केला, आणि प्राचार्यांनी माफी माग म्हटल्यावर मीच माझं नाव काढून आलो. त्यानंतर तुम्ही मला प्रमिलाच्या वडलांकडे, वना आबांकडे सावद्याला मागणी घालायला नेलं. आबा केळीचे घड मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "तुले बाकावर दोन वर्सं बसता आलं नाही, माह्या पोरीले काय सांभाळशील? कुठंबी दोन वर्सं टिकून दाखव, मंग बोलू." (तुम्ही तेव्हा खाली बघून हसलात. मी पाहिलं होतं.) त्यातले चौदा महिने झाले. तरी कृपा करून आबांच्या कानावर घालावं की हिलाल टिकला, गरम डोकं इथल्या उन्हात उलट थंड झालं. एवढ्यासाठीच पत्र. थकलो आहे, पण बरा आहे. आईला बरा आहे एवढंच सांगावं.

तुमचाच, कधी तरी शहाणा होणारा,
हिलाल

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. टोप्या काढल्यावर पाणी नितळ व्हायला पाच मिनिटं लागतात, अर्धा तास नाही. त्या दिवशी सकाळी प्रमिलाचं पत्र आलं होतं. चौदा महिन्यांतलं पहिलं. दोन पानं. पाणी सोडून मी खिडकीत ते वाचायला बसलो. पहिलं पान अकरा वेळा वाचलं. त्याच्या शेवटी लिहिलं होतं, "आबा आखाजीच्या मुहूर्तावर शिंदखेड्याच्या मास्तरांना माझ्या लग्नाचा शब्द देणार आहेत, आणि मी आबांना स्पष्ट सांगितलं आहे की" — पान संपलं. दुसरं उलटणार तोच पुना ओरडत आला. पानं खिडकीत ठेवून मी टोप्यांकडे धावलो. कुरियन आला तेव्हा त्याचे हात सफेद्यानं भरलेले होते. "पुसून घे" म्हणाला, आणि खिडकीतला वरचा कागद घेऊन त्यानं आधी स्वतःचे हात पुसले. ते दुसरं पान होतं.

ता. क. २. त्यानंतर सफेद्याचा डबा मी कुरियनच्या डोक्यावर उपडा केला. पाच किलोचा. त्याचे केस तीन दिवस रॉकेलनं धुवावे लागले. कागदावर काय होतं ते पुनानं त्याला समजावलं, तेव्हा तो बिचारा पांढऱ्या डोक्यानं कचऱ्यात बसून पान शोधत राहिला. सापडलं. नुसतं पांढरं आहे, एका कोपऱ्यात "म्हणून" एवढं वाचता येतं. पण छत कुरियनचं नव्हतं आणि डबा कंपनीचा होता, त्यामुळे कंपनीनं माझा पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. वर म्हटलेला, देशी निघालेला ओळखीचा माणूस मीच. हे मुंबईत, पुनाच्या मेव्हण्याच्या खोलीवर लिहीत आहे. तरी आबांना मी टिकल्याचं सांगू नये. (निघताना मास्तरांच्याच गावचा पुना म्हणाला, "मास्तर भलता चांगला मानूस शे, तू कसाले जळी ऱ्हायना?" त्याला मी काही केलं नाही. एवढी सुधारणा नोंदवून ठेवा.)

ता. क. ३. आता खरं काम. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी पहाटे मी रावेर स्टेशनला उतरून तुमच्या सकाळच्या यावल गाडीत बसेन. मागच्या बाकावर, डोक्याला रुमाल बांधून. इतका काळा पडलो आहे की आईसुद्धा ओळखणार नाही, तुम्हीही ओळख दाखवू नका. सावद्याला प्रमिला चढेल, फैजपूरला कॉलेजला उतरेल. मधल्या वाटेत पास बघताना तिला एवढंच विचारा, आबांना सांगितलं आहे की — पुढे काय? आणि "म्हणून" काय? मी विचारणार नाही, माझा आवाज चढेल. मास्तर म्हणाली तर फैजपूरला ती उतरल्यावर नेहमीसारखी डबल घंटी मारा, गाडी सुटू द्या, मी बसून राहीन. दुसरं काही म्हणाली तर घंटी मारू नका, दोन मिनिटं थांबा. मी उतरतो.

तिकीट मी यावलपर्यंतचंच काढणार आहे. ते वाया जावं, एवढं मामींना देवाजवळ मागायला सांगा.