कुलूपवाले आणि दवाखानेवाले

ता. ७, गुरुवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी मजेत. तू आणि चिमणी माहेरी बऱ्या असाल असं धरून चालतो. तीन महिन्यांत ही माझी तिसरी नोकरी. ‘याच्या पायाला भिंगरी’ म्हणशील, म्हण. सध्या छापखान्यात आहे. हाताची शाई साबणाला दाद देत नाही, कागदावरचे ठसे तिचेच.

निवडणुकीमुळे मान वर करायला फुरसत नाही. दोन्ही पक्षांची पत्रकं आमच्याच यंत्रावर. सत्तेतल्यांना आम्ही कुलूपवाले म्हणतो: दारूची दुकानं बंद, आणि खिशात नशेची पुडी सापडली की तुरुंग, जामीन नाही. विरोधक ते दवाखानेवाले: दारू परवान्यावर चालू, पुडीवाल्याला तुरुंग नको, उपचार द्या.

सोमवारी मी पराक्रम केला. एका बाजूने छापून वाळत ठेवलेले गठ्ठे उलटून दुसरी बाजू छापायची असते. मी गठ्ठ्यांचीच अदलाबदल केली. पुढे कुलूप, मागे दवाखाना! दोन दिवस ती पत्रकं गावभर वाटली, कुणाच्या लक्षातही आलं नाही गं! बुधवारी कुलूपवाल्यांचा माणूस तणतणत आला. मला वाटलं, धोरण उलटं छापलं म्हणून. तर म्हणतो, “मागच्या बाजूला आमच्या साहेबांचा फोटो कुठाय?”

माझं डोकंच फिरलं. ज्या ओळींपायी माझा भाऊ आत बसलाय, त्या यांनी स्वतःच वाचलेल्या नाहीत! दवाखानेवाल्यांच्या माणसाला विचारलं, “उपचार म्हणता, पण खाटा किती आहेत हो?”

“अरे बाबा, आधी निवडून तर येऊ दे.”

मालक ओरडले, “तुला कागद लावायला ठेवलाय, सभा घ्यायला नाही!”

हां, तर तुझं पत्र. ‘दवाखानेवाले आले तर तुझा दादा सुटेल, नाहीतर गेला. पण सुटला तरी मी परतणार नाही. सहा वर्षं संसार केला, आणि नवरा नशा करतो हे मला पोलिसांकडून कळावं?’ ते पत्र चार दिवस सोबत घेऊन फिरतोय.

वहिनी, दादा नशा करत नाही. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, साधी तंबाखूसुद्धा मळत नाही. पकडला तेव्हा त्याच्या अंगात होता तो कोट त्याआधी आठवडाभर मी घालत होतो. आतल्या खिशातली पुडी माझी. दुरुस्तीला गेला त्या कारखान्याच्या फाटकावर झडती झाली तेव्हाच त्याला कळलं असणार, कुणाची ते. तो बोलला नाही. आणि मी गाव सोडलं.

कुलूपवाल्यांना शिव्या घालतो, दवाखानेवाल्यांना घालतो, पण खरं सांगू? मीही निकालाचीच वाट बघत होतो. दवाखानेवाले येऊ देत, मग कबूल करू, स्वस्तात सुटू. भाऊ आत, आणि मी मतं मोजायची वाट बघतोय! थू माझ्यावर.

मतदान रविवारी आहे. मी उद्या सकाळच्या गाडीने आपल्या गावी येतोय, थेट पोलीस चौकीत. कायदा अजून कुलूपवाल्यांचाच आहे, ठाऊक आहे मला.

मला भेटायला येऊ नकोस, दादाला भेट. त्याच्यासमोर मला बोल लावू नकोस, त्याला सहन होत नाही.

तुझ्या शिव्यांना पात्र,
ज्याचं नाव दादाने घेतलं नाही तो,
तुझा धाकटा दीर